अमावस्येचं ग्रीस

पौर्णिमेला सत्यनारायण सांगायला गुरुजी येतात आणि अमावस्येला ट्रॅक्टरला ग्रीस भरायला बद्रीनाथ येतात, असं चिंचखेड्यात गमतीनं म्हणत. दोघांत फरक एवढाच, की पोथी संपली की गुरुजी शिधा घेऊन उठत. बद्रीनाथांची पोथी संपतच नसे.

चिंचखेडा पैठण रोडला, बिडकीनच्या अलीकडं. अमावस्येला औत धरायचं नाही, बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हा तिथला बापजाद्यांचा शिरस्ता. पुढं बैल गेले, जू गोठ्याच्या आढ्याला टांगलं गेलं, दारात ट्रॅक्टर आले. शिरस्ता मात्र जागचा हलला नाही. लोखंडाला कसली आलीय विश्रांती? पण औताड्यांच्या खळ्यावर अजूनही अमावस्येला ट्रॅक्टरची चावी काढून देव्हाऱ्यात ठेवतात, बॉनेटला हळदकुंकू वाहतात, पुढच्या चाकाशी नारळ फोडतात. आणि मग बद्रीनाथांचा प्रवेश होतो.

तो प्रवेश बघण्यासारखा असे. सत्तरी ओलांडलेला हा माणूस शहरातून, पुंडलिकनगरातल्या आपल्या घरून निघायचा आणि एसटीनं फाट्यावर उतरून चालत यायचा. अंगात कंपनीच्या दिवसांतला खाकी शर्ट, तोही कडक इस्त्रीचा. ग्रीस भरायला इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा नसावा. काखेत तरटात गुंडाळलेली हाताची ग्रीसगन. खळ्यावर आले की आधी चपला काढायचे, मग तरट उलगडायचे. ते अशा थाटात, की आतून आता तलवारच निघणार. निघायचं ते काळं नळकांडं, त्याला एक दांडा आणि पुढं रबरी पाईप.

"चहा नंतर," ते म्हणायचे. "आधी जावयाला मान."

हा जावई म्हणजे ट्रॅक्टरमागं माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरच्या कडेचं बेअरिंग. ग्रीस भरण्याच्या प्रत्येक जागेला, म्हणजे ग्रीस आत घेणाऱ्या प्रत्येक बारक्या निप्पलला, बद्रीनाथांनी नात्यातलं नाव ठेवलेलं होतं. जावयाला आधी विचारलं नाही की तो रुसतो आणि भर शेतात बसून राहतो. ट्रॅक्टरच्या पुढच्या आसाची ती मावशी. द्याल तेवढं घेते, वर आणखी मागते. आणि ट्रॅक्टरची ताकद मागच्या अवजाराला पोचवणारा जो दांडा असतो, त्याच्या सांध्यातलं अवघड जागेवरचं निप्पल म्हणजे व्याही. कितीही आर्जवं करा, तो काही घेतच नाही.

एकेका नातेवाईकाला ग्रीस देताना त्याची एकेक कथा व्हायची. ओट्यावर शेजारचा कडूबा आणि त्याच्या बरोबरीची चार म्हातारी माणसं आधीच जागा धरून बसलेली असायची. अमावस्येला काम नाही, टीव्ही तर रोजचाच आहे. बद्रीनाथ मात्र महिन्यातून एकदाच.

आता या मानाच्या मागची गोष्ट सांगायला हवी. औताड्यांचे दोन भाऊ. थोरले लक्ष्मणराव मातीतले, धाकटे बद्रीनाथ कंपनीतले. बद्रीनाथांची नोकरी वाळूजला, बिऱ्हाड तेव्हा बजाजनगरात. कंपनीत त्यांचं काम मशिनींना वेळच्या वेळी तेल-ग्रीस देण्याचं. सुटीला गावी आले की हौसेनं औत धरायचे, आणि मग सगळं गाव बांधावर येऊन हसायचं. बद्रीनं काढलेला नांगराचा तास म्हणजे वाटेनं साप गेलेला. पेरायला घेतलं तर बी एका जागी मूठभर, दुसऱ्या जागी उपास. औताड्यांच्या घरात जन्मून ज्याला सरळ तास काढता येत नाही, त्यानं स्वतःला शेतकरी म्हणवायचं तरी कुठल्या तोंडानं?

मग घरात पहिला ट्रॅक्टर आला. त्याच्या खालीवर ही बारकी बारकी निप्पलं कसली, हे कुणाला ठाऊक नव्हतं. बद्रीनाथांनी कंपनीच्या सवयीनं एकेक पुसून ग्रीस भरलं. लक्ष्मणरावांनी ट्रॅक्टर फिरवून आणला, उतरले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बद्री, आजपासून हे खातं तुझं."

एवढंच. पण ज्याला नाटकात कधी भालदाराचंही काम मिळालं नव्हतं, त्याच्या डोक्यावर एकदम मुकुट चढला. लक्ष्मणराव गेले, शेत आणि भाड्याच्या ट्रॅक्टरचा धंदा त्यांचा मुलगा कृष्णा आणि सून मोनिका बघू लागले, ट्रॅक्टरचे दोन झाले, मळणी यंत्र आलं. खातं मात्र बद्रीनाथांकडंच राहिलं. मातीशी त्यांचं नातं तेवढं एकच होतं, आणि ते ग्रीसचं होतं.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्या नात्याला पहिला धक्का बसला. दुसऱ्याच्या रानात रोटाव्हेटर चालू असताना जावईच बसला. बेअरिंग जाम. कृष्णानं मेकॅनिक आणला, तो निळ्या ग्रीसचा डबा घेऊन आला आणि म्हणाला, इथून पुढं हे वापरा. बद्रीनाथांनी डब्यात बोट बुडवून नाकाशी धरलं.

"हे काय ग्रीस हाये का शाई? दौतीत भरा आन् शाळंत पाठवा."

"मग काका, बेअरिंग कामून गेलं?" कृष्णानं विचारलं.

"माल पहिल्यासारखा येत नाय," बद्रीनाथ म्हणाले, आणि तो विषय त्यांच्यापुरता मिटला. त्यांचं ग्रीस पिवळं होतं, पहिल्या दिवसापासून पिवळं, आणि पिवळंच राहणार होतं.

पौषात एका सकाळी कृष्णाचा फोन आला. पुंडलिकनगरात नळाचा दिवस होता. त्या दिवशी तिथं माणूस मेला तरी आधी टाकी भरून घेतात. वच्छलाबाई पाईप धरून उभ्या होत्या, बद्रीनाथ बादल्या सरकवत होते. उजव्या हातानं उचलायची वेळ आली की डावा पुढं करत होते.

"काका, चार्जिंगची ग्रीसगन घेऊ म्हणतो," कृष्णा म्हणाला. "बटन दाबलं की आपोआप ग्रीस जातं. दांडा मारायचं कामच नाय."

बद्रीनाथांच्या हातातली बादली होती तिथंच राहिली.

"घे ना," ते म्हणाले. "घे की. कोण नको म्हणतंय?"

फोन ठेवला आणि ते बराच वेळ भरून वाहणाऱ्या बादलीकडं बघत बसले.

"अहो, पाणी चाललंय वाया," वच्छलाबाई ओरडल्या. "काय म्हणला किस्ना?"

"बटनाची गन घेतो म्हणतो."

"घेऊ द्या की. अमावस्या झाली की चार दिस तुमचा खांदा मलाच चोळावा लागतो."

"खांदा उशीनं आखडतो. सतरांदा सांगितलं, उशी बदल."

"बदलली. तीनदा बदलली. आता खांदाच बदलायचा राहिलाय."

बद्रीनाथांच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. दांडा मारायला माणूस लागतो. बटण कुणीही दाबतं. कृष्णा दाबेल, मोनिका दाबेल, उद्या कडूबासुद्धा दाबेल. मग अमावस्येला शहरातून पाहुणा कशाला बोलवायचा? पाहुणा येईल, चहा पिईल, ओट्यावर बसून दुसऱ्यानं भरलेलं ग्रीस बघेल. मुकुट घालून आलेल्या माणसाला प्रेक्षकांत खुर्ची!

दुपारी त्यांनी स्वतःहून फोन लावला. "किस्ना, घाई करू नको. गन घ्यायचीच हाये तर बघूनशान घेऊ. पसंत मी करणार."

"तेच म्हणणार होतो काका," कृष्णा म्हणाला. त्याचा आवाज इतका खुशीचा होता, की बद्रीनाथांना त्यात कपटाचा वास आला.

मुलगी द्यायचीच नाही असं ज्या बापानं ठरवलंय, तो स्थळं बघायला नाही म्हणत नाही. उलट रोज एक बघतो. बद्रीनाथांनी हाच मार्ग धरला. उस्मानपुऱ्यात मुजीबभाईंचं अवजारांचं दुकान होतं. वच्छलाबाईंना जवळच साडीला पिको करायचा होता, त्याही निघाल्या.

मुजीबभाईंनी काउंटरवर गन मांडल्या. पहिली उचलून बद्रीनाथ म्हणाले, "लई जड हाये."

"ये देखो काका, ये हलकी."

"लईच हलकी हाये. खेळण्यावानी."

"बरं, ये कार्ट्रिजवाली. भरायची कटकटच नक्को. तयार नळी बसवायची, संपली की फेकायची."

"आन् चिंचखेड्यात ती नळी कुठं मिळणार? किराणा दुकानात?"

हे मात्र खरं होतं, आणि मुजीबभाईंनी मान्यही केलं. गावाकडं डब्यातलं सुटं ग्रीस भरता येईल अशीच गन हवी. मग त्यांनी हवेवर चालणारी दाखवली. तिला कॉम्प्रेसर लागतो म्हटल्यावर ती बाद. एकीचा पाईप आखूड निघाला. व्याह्यापर्यंत तो पोचला नसता. शेवटी मुजीबभाईंनी आतून एक काढली. अंगानं बेताची, पाईप हातभर, सुटं ग्रीस घेणारी, बॅटरी अशी की कृष्णाच्या ड्रिल मशिनीचीच तिला बसेल. वर एक छोटा दिवा.

बद्रीनाथांनी ती उलटी केली, सुलटी केली. खोट सापडेना, म्हणून ते चिडले.

"दिवा कशाला? मला काय विहिरीत उतरायचंय?"

मुजीबभाईंनी हात जोडले. "काका, एक बात पूछूँ? तुम्ही गन घ्यायला आले का पोरगी द्यायला?"

वच्छलाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

काउंटरच्या कडेला शिकंज्यात एक निप्पल आवळून ठेवलं होतं, गिऱ्हाइकाला गन चालवून बघायला. मुजीबभाईंनी हातगन पुढं केली. "अच्छा, ये तुमची पुरानी दोस्त. मारा दांडा. मग बटनवाली मारा. फरक बघा ना."

बद्रीनाथांनी बाह्या सरकवल्या, हातगन निप्पलवर चढवली आणि दांडा मारला. दांडा खाली जाताना ग्रीस आत जायच्या ऐवजी तोंडाच्या बाजूनं फुगून बाहेर आलं आणि काउंटरवर टपकलं. पुन्हा मारला. पुन्हा तेच. खांद्यातून कळ गेली, ती त्यांनी मिशीत दाबली.

"काका, अंदर नहीं जा रहा."

"तुझं निप्पल चोंदलंय."

मुजीबभाईंनी दिव्याची गन त्याच निप्पलला लावली आणि बटण दाबलं. पलीकडून ग्रीसची सरळ, सुबक शेवई पडली.

"झालं ना मोकळं?" बद्रीनाथ म्हणाले. "मी दोनदा जोर लावला म्हणून."

वच्छलाबाईंनी नवऱ्याच्या खांद्याकडं पाहिलं, मग काउंटरवरच्या ग्रीसकडं पाहिलं. पण त्या काही बोलल्या नाहीत. बायको बोलत नाही तेव्हा नवऱ्यानं सावध व्हावं. बद्रीनाथ मात्र त्या वेळी दुकानाच्या छताकडं बघत होते.

अशा तीन-चार फेऱ्या झाल्या. दर फेरीला दिव्याच्या गनमध्ये नवी खोट निघाली. आवाज कर्कश आहे. रंग भडक आहे. पकडायची जागा डावखुऱ्याची वाटते. कृष्णा फोनवर विचारायचा, "काका, ठरलं का?" आणि काका सांगायचे, "माल पहिल्यासारखा येत नाय."

शेवटी मुजीबभाईच थकले. "काका, ऐसा करो. ही घेऊन जावा. अमावस्येला चालवा. पसंत पडली तर ठेवा, नाय तर वापस आणा."

बद्रीनाथ नाही म्हणायला तोंड उघडतात तोवर वच्छलाबाईंनी पिशवीचं तोंड उघडलं होतं. "द्या इकडं. मीच नेते."

घरी आल्यावर बद्रीनाथांनी विचार केला, आणि त्यांना वाटलं, हे तर बरंच झालं. दुकानात खोट काढली तर ती एकट्या मुजीबला कळते. गावात, भर खळ्यावर, ओट्यावरच्या माणसांसमोर गन तोंडघशी पडली तर पुढची दहा वर्षं तिचं नाव कुणी काढणार नाही. आणि तोंडघशी कशी पाडायची, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. गनमध्ये ग्रीस दाबून भरावं लागतं. मध्ये पोकळी राहिली की आत हवा धरते, आणि मग गन नुसती घुरघुरते, बाहेर काही येत नाही. अमावस्येच्या आदल्या दिवशी दार लावून त्यांनी पिवळ्या ग्रीसचा डबा काढला आणि गन भरली. नव्या सुनेनं करंजीत सारण भरावं तशी, मधे मधे पोकळ ठेवून. कंपनीत इतकी वर्षं काढली, पण इतकं वाईट काम इतक्या मन लावून त्यांनी कधी केलं नव्हतं.

माघातली अमावस्या उजाडली. या खेपेला वच्छलाबाईही आल्या. खळ्यावर नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी होती. बद्रीभाऊ बटणाची गन आणतायत ही बातमी फाट्यावरच्या चहावाल्यापर्यंत गेली होती. हरभरा काढून पडला होता, मळणी यंत्र पुढच्या हप्त्याला लागणार होतं. चावी देव्हाऱ्यात गेली, नारळ फुटला. बद्रीनाथांनी चपला काढल्या, घसा साफ केला.

"मंडळी, जमाना बदलला. किस्नाची इच्छा हाये, बटनानं ग्रीस भरावं. आपण कुणाच्या इच्छेला आडवे येत नाय. जावयापासनं सुरू करू."

गन जावयाला लावली, बटण दाबलं. घुर्रर्र. थांबले. पुन्हा दाबलं. घुर्रर्र. कसलं ग्रीस आणि कसलं काय.

"बद्रीभाऊ," कडूबा ओट्यावरून म्हणाला, "नवरदेव मुका निघाला का?"

हशा झाला. बद्रीनाथांनी तो हशा पुरता पिकू दिला. टाळी कधी घ्यायची हे त्यांना उपजत कळत असे. मग त्यांनी गन खाली ठेवली आणि दुःखी चेहऱ्यानं तरटाकडं हात नेला. "मी म्हणत नव्हतो? माल पहिल्यासारखा..."

"काका, थांबा," मोनिका पुढं आली. हात पदराला पुशीत तिनं गन उचलली. "हवा धरली असंल. हितं बारकी कळ असती बघा, हवा सोडायची." तिनं बोटानं कळ दाबली आणि बटण धरून ठेवलं. फुस्स झालं, थुंकल्यासारखं दोनदा झालं, आणि पाईपच्या तोंडाशी पिवळं ग्रीस आलं. "घ्या. भरताना राहत असती हवा. सगळ्यांचंच व्हतं तसं."

सगळ्यांचंच! बद्रीनाथांनी तिच्याकडं पाहिलं. तिच्या तोंडावर टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

आता इलाज नव्हता. त्यांनी गन पुन्हा जावयाला लावली. या वेळी ग्रीस गेलं. खांद्याला कळू न देता गेलं. ग्रीसचा न्याय सरळ असतो. नवं आत शिरलं की जुनं बाहेर येतं. मागच्या वेळी जे भरलं असेल तेच कडेनं तोंड दाखवतं. बद्रीनाथ सवयीनं वाकून वाट बघू लागले. आता काळपट पिवळं येणार.

आलं ते निळं.

त्यांनी बोटावर घेतलं. नाकाशी धरलं. शाई.

गनमध्ये निळं असणं शक्य नव्हतं. गन त्यांनी स्वतः भरली होती, तीही दार लावून. ते मावशीकडं गेले. निळं. उकिडवे बसून व्याह्याला लावली. जन्मात कुणाचं काही न घेणारा तो व्याही घटाघटा प्यायला, आणि त्याच्या कडेनंही निळं आलं.

कडूबाला लिंबाच्या शेंड्यावर काहीतरी महत्त्वाचं दिसलं. कृष्णा ट्रॅक्टरच्या टायरची हवा तपासू लागला, हातानं.

"कोण येतं हितं?" बद्रीनाथांनी विचारलं.

"कोण येणार काका?"

"माझ्या माघारी कोण येतं? कुणाला ठेवलंय ग्रीस भरायला? बिडकीनचा मेकॅनिक? तो शाईवाला?" त्यांचा आवाज चढला, आणि चढता चढता मध्येच फाटला. "सांगायचं होतं सरळ. इतकी वर्षं झाली, सांगितलं असतं तर आलोच नसतो."

"मी भरते," मोनिका म्हणाली.

बद्रीनाथ वळले.

"जावई बसला ना काका, तवा मेकॅनिकनं बेअरिंग खोललं. आत कोरडं ठक्क होतं. वरून पिवळं, आत काहीच नाय. मग बाकीचं बघितलं. सगळंच तसं. दांड्याला जोर कमी पडतो तुमच्या. तोंडातनं माघारी येतं. तवापासनं तुमची एसटी गेली का मी आन् हे, पायानं दाबायचा पंप आणून भरतो."

"पण मला तर दर खेपंला निप्पलवर पिवळंच दिसायचं."

मोनिकानं मान खाली घातली. "ते मी बोटानं लावायची. तुम्हाला दिसावं म्हणून."

"टिकली लावल्यावानी," कडूबा लिंबाच्या शेंड्याकडं बघतच म्हणाला.

"कडूबा, तुला ठावं होतं?"

"आता बद्रीभाऊ, काय सांगू..."

"समद्या गावाला ठावं हाये," वच्छलाबाई म्हणाल्या. "मलाबी. एसटीचा कंडक्टर तेवढा राहिलाय."

बद्रीनाथ नारळाच्या करवंटीशेजारी मटकन बसले. इस्त्रीच्या शर्टाला माती लागली. दर अमावस्येला आपण ज्याला दरबार समजत होतो, ते नाटक होतं. नाटकात काम करणारी सगळी माणसं ओट्यावर बसलेली होती, आणि प्रेक्षक एकटे आपण.

"मंग बोलवत कामून होते मला?"

आता कृष्णा पुढं आला. तो बोलायला कच्चा. बाप तसाच होता. "आबा म्हणले होते, खातं काकाचं. ते मोडायचं कसं? म्हणूनशान तर चार्जिंगची गन म्हणलं. बटनाला जोर लागत नाय. तुमच्या हातानं खरंच ग्रीस जाईल, आमचं दोनदा करणं सुटंल, आन् खातं तुमच्याकडंच राहील. मोनिकानंच सुचवलं. आन् तुम्हाला तर एकबी गन पसंत पडंना!"

पौषापासून हा माणूस आपल्या गादीवरून उठवणाऱ्या वैऱ्याशी लढत होता. वैरी कोण, तर त्याच गादीखाली टेकू देणारी पुतसून. वरात आपल्याच घरी येत होती आणि आपणच गच्चीवरून दगड मारत होतो. आणि नुसते दगड मारले असते तरी एक वेळ ठीक. इथं तर गनमध्ये हवा ठेवण्यापर्यंत मजल गेली होती!

सगळे त्यांच्याकडं बघत होते. आता उठून, शर्ट झटकून, काखेत तरट घेऊन फाट्याकडं चालू लागायचं. कुणी हाक मारली तरी वळायचं नाही. असा शेवट फार शोभून दिसला असता. बद्रीनाथ उठले. शर्ट झटकला.

"मोनिका," ते म्हणाले, "व्याह्याला किती देती तू?"

"कडेनं डोकावंस्तवर."

"डोकावलं का थांबायचं. जास्त दिलं तर कडेचं रबरी शील फुटतं."

"व्हय काका."

"आन् नंतर फडकं मारती का?"

"मारते की."

"मला तर कधी निळ्याचा डाग दिसला नाय."

"म्हणूनच मारते."

ओट्यावर कुणीतरी फिसकन हसलं. बद्रीनाथांची मिशीही हलली, पण त्यांनी ती वेळीच सावरली. गन उचलली, मळणी यंत्राकडं गेले आणि उरलेली सगळी सोयरीक एकट्यानं उरकली. प्रत्येक ठिकाणी निळं बाहेर येत होतं आणि प्रत्येक ठिकाणी बद्रीनाथ ते फडक्यानं पुसत होते. कथा मात्र त्या दिवशी झाली नाही. कडूबा दोनदा म्हणाला, "बद्रीभाऊ, मावशीचं ते मागल्या खेपंचं अर्धं राहिलं." पण गनच्या आवाजात ते बहुतेक ऐकू गेलं नाही.

परतताना एसटीत त्यांनी मुजीबभाईंना फोन लावला.

"ती दिव्यावाली ठेवतो."

"मुबारक हो काका! पसंत पडली अखेर?"

"रंग बेकार हाये," बद्रीनाथ म्हणाले. "पण सोयरीक झाली आता."

वच्छलाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. पुंडलिकनगर येईपर्यंत त्यांनी नवऱ्याचा उजवा हात आपल्या मांडीवरच्या पिशवीवर टेकू दिला, आणि बद्रीनाथांनीही तो काढून घेतला नाही.

फाल्गुनातल्या अमावस्येला कृष्णानं हिशेब मांडला होता, की आता दुपारच्या जेवणाआधी सगळं आटपेल. उद्या पाडवा, घरची कामं पडलेली. यंत्राच्या बाजूनं बघितलं तर आटपायलाच हवं होतं. पण गनचा आवाज मोठा, आणि आवाजात कथा ऐकू येत नाही. म्हणून बद्रीनाथ एकेका निप्पलला बटण दाबायचे आणि कथा रंगात आली की बटण सोडायचे. कथा बहुतेक वेळ रंगातच असायची. शिवाय आता दांडा मारायचा नसल्यामुळं दोन्ही हात हावभावांना मोकळे. उन्हं उतरली तरी ते व्याह्यापाशीच होते. हातगन गोठ्याच्या आढ्याला जुवाच्या शेजारी टांगली होती. ती त्यांनी स्वतः टांगली होती, कुणालाही हात लावू न देता.

पण त्या दिवसाची खरी गोष्ट सकाळीच घडून गेली होती. पिशवीतून त्यांनी ग्रीसचा नवा डबा काढला, झाकण उघडलं, आणि कडूबा ओट्यावरून जवळजवळ खाली आला.

"बद्रीभाऊ! ही तर शाई!"

बद्रीनाथांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. ते गनमध्ये ग्रीस भरत होते. दाबून, थापटून, कुठंही पोकळी न ठेवता.

"पिवळा माल," ते म्हणाले, "पहिल्यासारखा येत नाय."

मोनिका सवयीनं पिवळ्याची जुनी डबी घेऊन आली होती. तिच्या लक्षात आलं तशी ती पदराआड लपवून मागं वळली. बद्रीनाथांनी ते बघितलं. जावयाचं निप्पल फडक्यानं लखलखीत पुसून त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"आण ती डबी. लाव एक बोट."

"आता कशाला काका?"

"राहू दे," बद्रीनाथ म्हणाले. "गावाला सवय हाये."